फक्त बघण्याची गाणी

प्रेबन मोल्गोरच्या पलंगाखाली गाण्यांची खोकी होती आणि त्या खोक्यांना व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड अडकत होतं. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ एवढंच. दर शनिवारी त्याची बायको गुद्रुन वाकून क्लीनर आत सरकवी, तो ठक्‌कन थांबे, आणि गुद्रुन कंबर धरून उठत म्हणे, "प्रेबन, एक तर ही गाणी इथून जातील, नाहीतर मी तरी जाईन."

"कुठं जाणार ती?"

"भिंतीवर लाव. लोकांना दाखव. पलंगाखाली काय बटाटे साठवतोस तशी साठवून ठेवली आहेस!"

गाणी म्हणजे कागद. आमच्या डेन्मार्कमध्ये पूर्वी नवा बोलपट लागला की त्यातल्या गाण्यांच्या चौपान्या छापून निघायच्या. वर नायक-नायिकेचं चित्र, आत पियानोवर वाजवायची स्वरलिपी आणि तिच्याखाली गाण्याचे शब्द. लोक रात्री सिनेमा बघून येत, सकाळी दुकानात जाऊन चौपानी आणत आणि संध्याकाळी सगळं घर पियानोभोवती जमून गात बसे. पुढे पियानो गेले, ते घर गेलं, ती संध्याकाळही गेली. चौपान्या मात्र जुन्या बाजारात आल्या आणि तिथून प्रेबनच्या पलंगाखाली.

नगरपालिकेच्या बांधकाम परवाना खात्यात प्रेबनने उभा जन्म लोकांच्या अर्जांवर 'नामंजूर' लिहिण्यात घालवला होता. तो इतका सचोटीचा माणूस की स्वतःच्या मेव्हण्याची बाल्कनीही त्याने नामंजूर केली होती. पण जुन्या बाजारात एखादी चौपानी दिसली की हा माणूस विरघळे. नायकाच्या मिशीच्या रुंदीवरून तो सिनेमाचं साल सांगे. सुती हातमोजे घालून कागद उघडे. सगळ्यांत जास्त त्याला आवडत त्या आधीच्या मालकांच्या पेन्सिलीच्या खुणा. एका चौपानीवर कोण्या आईने लिहिलं होतं, 'इंगा, इथे धावू नकोस!' ही इंगा वाजवताना इथे रोज धावत असणार आणि आई रोज स्वयंपाकघरातून ओरडत असणार, हे मनात येऊन प्रेबनच्या डोळ्यांत चक्क पाणी येई.

एवढं ऐकून कोणालाही वाटेल की प्रेबन गाणारा माणूस असणार. तिथेच तर सगळी गोम होती.

आमच्याकडे गाण्यावाचून पान हलत नाही. वाढदिवसाला गाणं, बारशाला गाणं, मयताला गाणं, सोसायटीच्या सभेत हिशेब मंजूर करण्याआधी गाणं. नाताळात तर झाडाभोवती हात धरून फेर धरायचा आणि गायचं. शाळेची सुरुवातही गाण्याने. प्रेबन तिसरीत होता तेव्हा अशाच एका सकाळी अबिल्ट्रुपबाई रांगांमधून कान देत फिरत होत्या, त्या प्रेबनपाशी थांबल्या, परत दोन पावलं मागे आल्या, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून अतिशय प्रेमाने म्हणाल्या, "बाळ प्रेबन, तू नुसते ओठ हलव हं." अशा पोरांना शाळेत 'गुरगुरे' म्हणत. गुरगुऱ्यांनी मागच्या रांगेत उभं राहायचं आणि तोंडाची उघडझाप करायची.

प्रेबन तेव्हापासून ओठ हलवत होता. नियमाचा पक्का माणूस, बाईंची आज्ञा त्याने मोडली नाही. आणि या कलेत तो इतका तयार झाला होता की बोलायची सोय नाही. श्वास बरोबर जागेवर घेई, वरच्या सुराला भुवया चढवी, शेवटच्या ओळीला मान किंचित कलती करी. एकदा एका अंत्यविधीनंतर पाद्रीबाबांनी त्याचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "तुमच्यासारखी जीव ओतून गाणारी माणसं हल्ली राहिली नाहीत हो."

त्याला चिंता होती ती गुद्रुनची. गुद्रुन चर्चच्या गायकवृंदात गाणारी बाई. लग्न नवीन असताना ती म्हणाली होती, "तुझा आवाज फार नाजूक आहे, ऐकूच येत नाही." त्यावर तो नुसता हसला होता. आता चाळीस वर्षं संसार झाल्यावर तिला कसं सांगणार की बाई गं, तो नाजूक नाही, तो नाहीच आहे? आणि दुःख असं की या माणसाला गाणी जीव की प्राण होती. जे गळ्यात उतरत नाही ते निदान हातात तरी धरता यावं, म्हणून तर ही खोकी.

म्हणून प्रदर्शन भरवायचं कबूल करताना त्याने मनाशी एक अट घातली. गाणी बघायची. वाटल्यास चष्मा लावून बघायची. पण गायची नाहीत.

घरच्या भिंतींवर गुद्रुनच्या माहेरची माणसं टांगलेली असल्यामुळे जागा नव्हती. उरला तो इमारतीच्या तळघरातला सोसायटीचा हॉल. प्रेबनने रीतसर अर्ज लिहिला, सोबत हॉलचा नकाशा जोडला आणि तो चेअरमन सिग्ने क्रॉच्या हातात दिला. सिग्ने तरुण, हुशार आणि नियमांच्या बाबतीत प्रेबनच्याही वरताण. ती नकाशा बघत म्हणाली, "मोल्गोरकाका, कल्पना फार छान आहे. कमिटीची काही हरकत नसेल. उद्घाटन पण करू या झोकात! कॉफी, केक, हेरिंग मासे, आणि गाणं तर काय होईलच."

"गाणं कशाला?" प्रेबनने विचारलं. त्याचा आवाज जरा चिरकला.

"अहो, गाण्यांचंच प्रदर्शन ना?"

"गाण्यांच्या कागदांचं," प्रेबन म्हणाला. "आपण टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरवलं तर पत्रं लिहीत बसतो का?"

सिग्नेला हा विनोद वाटला. ती मनमुराद हसली आणि तिने अर्जावर 'मंजूर' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा प्रेबनला वाटलं की कोणीतरी आपला अर्ज नामंजूर करायला हवा होता.

बातमी जिन्यावर फुटायला वेळ लागला नाही, आणि बातमीमागून सल्ले आले. तळमजल्यावरचा हेनिंग फ्रीस हा निवृत्त दंतवैद्य. लोकांनी तोंड उघडून गप्प बसायचं आणि आपण बोलायचं, ही त्याला जन्माची सवय. त्याने हॉलमध्ये येऊन नाक वर करून हवा हुंगली.

"दमट आहे," तो म्हणाला. "शेजारी धुलाईखोली. चार यंत्रं दिवसभर वाफ सोडतात. तुझे नट-नट्या आठ दिवसांत बुरशी येऊन मरतील, प्रेबन."

"मग काय करू?"

"धुणं बंद ठेवायला सांग आठवडाभर. कोण नाही म्हणणार आहे?"

वास्तविक प्रेबनला कळायला हवं होतं. आमच्याकडे एखाद्याने शेजाऱ्याची बायको पळवली तर लोक थोडे दिवस कुजबुजतात आणि मग तिघांनाही कॉफीला बोलावतात. पण धुलाईखोलीतली शेजाऱ्याची वेळ पळवली तर क्षमा नाही. तिथल्या वार लिहिलेल्या फळीवर ज्याच्या-त्याच्या नावाचं कुलूप ज्याच्या-त्याच्या वारावर लटकलेलं असतं, आणि ती कुलपं बापाकडून लेकाकडे जातात. प्रेबनने आठवडाभर धुणं थांबवण्याची नम्र विनंती फळीशेजारी चिकटवली आणि दुसऱ्याच दिवसापासून जिन्यात त्याला कोणी 'गुड मॉर्निंग' म्हणेना. कोणाच्या तरी नातवाच्या लंगोटांचा प्रश्न पार कमिटीपर्यंत गेला. आणि हेनिंग, ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, तोच सगळ्यांना सांगत सुटला, "मी त्याला म्हटलं होतं, लोकांच्या धुण्याला हात घालू नकोस!"

शेवटी प्रेबनला घरोघर जाऊन माफी मागावी लागली. सगळ्यांनी कॉफी देऊन माफ केलं. घरी आला तेव्हा त्याच्या पोटात इतकी कॉफी होती की चालताना आवाज येत होता. धुणं चालू राहिलं आणि चौपान्या काचेच्या हवाबंद चौकटींत घालायचं ठरलं.

मग सिग्नेच्या आग्रहावरून अग्निशमन खात्याचा एक अधिकारी पाहणीला आला. हा शिकाऊ दिसणारा गोरागोमटा गृहस्थ हातात फीत घेऊन हॉलभर फिरला. दाराकडची भिंत? ती पळून जायची वाट, तिथे कागद नको. खिडकीची भिंत? तिथूनही पळायचं असतं. स्वयंपाकाच्या ओट्यामागची भिंत? विचारूच नका. प्रेबन त्याच्यामागून फिरत होता आणि प्रत्येक नकाराला त्याच्या मनात आदर दाटून येत होता. किती स्वच्छ नकार देत होता पोरगा! आपल्या हाताखाली असता तर सोनं केलं असतं.

"एवढी एकच भिंत मोकळी आहे," अधिकारी शेवटी म्हणाला. "पण तो पियानो तिथून हलवावा लागेल."

हा पियानो कोणीतरी जागा नव्हती म्हणून सोसायटीला दिला होता आणि बरीच वर्षं त्याच्यावर कुंड्या ठेवलेल्या होत्या. बेसूर, मुका, निरुपद्रवी प्राणी. प्रेबनने उत्साहाने सांगितलं, "धुलाईखोलीत ठेवू." म्हणजे पीडाच गेली, असा त्याचा हिशेब. रविवारी हेनिंग आणि प्रेबन पियानो ढकलायला लागले. दारापर्यंत तो आला, निम्मा दाराबाहेर गेला आणि अडकला. हेनिंगचं म्हणणं, "तिरका कर." प्रेबनचं म्हणणं, "तिरका केला म्हणूनच अडकला." दोघंही आपापल्या बाजूने ढकलत होते आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की ते एकमेकांच्या दिशेने ढकलत होते. सोमवारीही तो तिथेच होता आणि त्या दिवसाच्या धुण्याचे हक्कदार टोपल्या पुढे सरकवत पियानोखालून रांगत गेले. गेल्या आठवड्याची माफी त्यांनी परत घेतली हे त्यांच्या पाठींवरूनच कळत होतं.

आणि तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून राग्नहिल्ड टॉफ्ट खाली आली. राग्नहिल्ड म्हणजे निवृत्त संगीत शिक्षिका. तिला पाहिलं की प्रेबन आपोआप मागच्या रांगेत जाई. तिने अडकलेल्या पियानोचं झाकण उघडलं, एक स्वर दाबला आणि दातदुखी झाल्यासारखा चेहरा केला.

"अरे देवा, काय हाल केले आहेत बिचाऱ्याचे! प्रेबन, आता तो जागचा हललाच आहे, तर सुरात लावून घेऊ या. माझ्या ओळखीचा माणूस आहे. उद्घाटनाला वाजवीन मी."

"त्याला त्रास कशाला?" प्रेबन काकुळतीने म्हणाला. "म्हातारा झालाय तो."

"म्हातारे आपणही झालोय," राग्नहिल्ड म्हणाली. "आपल्याला सुरात कोण लावणार? त्याला तरी लावू."

पियानो सुटला, पण धुलाईखोलीच्या बाजूने नव्हे, हॉलच्या बाजूने. भिंतीला ठेवायची सोय राहिली नव्हती, म्हणून हॉलच्या मधोमध आला, आणि दोन दिवसांत सुरातही आला. प्रेबनने गाणं टाळण्यासाठी जे जे केलं होतं, त्याने त्याने गाणं एकेक पाऊल पुढे सरकत होतं. आता ते खोलीच्या मध्यावर पोचलं होतं आणि चकाकत होतं.

मग त्याला शेवटचा आणि नामी उपाय सुचला. या गाण्यांचे हक्क ज्या कार्यालयाकडे आहेत त्यांनाच विचारायचं. लोक परवानगी मिळावी म्हणून अर्ज करतात. प्रेबनने ती मिळू नये म्हणून केला, आणि त्यात आपला सगळा अनुभव ओतला. जमाव मोठा असेल, आवाज बाहेर रस्त्यावर जाण्याचा संभव आहे, केक दिला जाईल, अशा सगळ्या गोष्टी त्याने स्वतःविरुद्ध लिहिल्या. खिशात नकार घेऊन तो हॉलमध्ये जाणार होता आणि खेदाने खांदे उडवून म्हणणार होता, "माझी फार इच्छा होती हो!"

उत्तरादाखल एका बाईंचा फोन आला. "मोल्गोरसाहेब? तुमचं पत्र वाचून आमच्या ऑफिसात सगळ्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! अहो, आपल्या माणसांनी आपल्या हॉलमध्ये गाण्यासाठी कसली परवानगी? गा! खुशाल गा! खिडक्या उघड्या ठेवून गा!"

"पण नियम..." प्रेबन म्हणाला.

"नियमांचं काय घेऊन बसलात! माझी आजी हीच गाणी म्हणत मला झोपवायची. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून ती जिवंत आहेत. माझ्यातर्फे एक कडवं जास्त म्हणा हं."

प्रेबनने फोन ठेवला. सरकारी खाक्याच्या जगावरचा त्याचा विश्वास उडाला होता.

अखेर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चौकटी भिंतीवर चढल्या. खरं सांगायचं तर ते दृश्य बघण्यासारखं होतं. टोप्या कलत्या केलेले नायक, गालावर बोट ठेवलेल्या नायिका, बोटीच्या शिडावर बसलेला चंद्र, आणि मधोमध 'निळ्या सायकलीवरची मुलगी' या गाण्याची चौपानी, जिच्यावर इंगाच्या आईचा हात फिरला होता. प्रेबन एकटाच पाहत उभा राहिला. आणि मग त्याने खिशातून एक पाटी काढली आणि भिंतीच्या कोपऱ्यात लावली: 'कृपया येथे गाऊ नये.'

नेमकी त्याच वेळी गुद्रुन टेबलांवर घालायची कापडं घेऊन आत आली. तिने पाटी वाचली. मग प्रेबनकडे पाहिलं.

"हे तू लावलंस?"

"कागदांसाठी," प्रेबन म्हणाला. "गाताना तोंडातून वाफ येते. चाळीसेक माणसांची वाफ. कागद ओले होतात."

"काचेतून?"

"सूक्ष्म वाफ असते ती."

गुद्रुन कापडं ठेवून जिना चढून वर गेली. तिची पावलं आपल्या मजल्यावर न थांबता तशीच वर, राग्नहिल्डच्या दाराशी गेलेली प्रेबनने ऐकली. विणकामाचं काहीतरी असेल, असं म्हणून त्याने एक चौकट सरळ केली.

उद्घाटनाच्या दिवशी सगळी इमारत खाली लोटली. धुण्यावरून रुसलेलेही आले, कारण केक होता. लोक भिंतीपाशी गेले आणि प्रेबनला वाटलं नव्हतं ते झालं. तिथून कोणी हलेनाच. "ही बघ, ही! माझ्या आईकडे होती ही!" "या हिरोच्या पायी माझ्या आत्याने साखरपुडा मोडला होता." हेनिंगसारखा हेनिंग एका चौकटीपुढे गप्प उभा होता. प्रेबनने जवळ जाऊन विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "माझे वडील हे दाढी करताना म्हणायचे. मी विसरलोच होतो रे." मग त्याने प्रेबनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. प्रेबनला दंतवैद्याने हात धरायची सवय नव्हती, पण त्याला फार बरं वाटलं.

अर्थात सगळंच सुरळीत झालं तर ते प्रेबनचं प्रदर्शन कसलं! शेजारच्या खोलीत कोणीतरी आपला वार न सोडता यंत्रात कपडे टाकले होते. यंत्राने पिळायला सुरुवात केली तशी भिंत थरथरायला लागली, सगळे नायक एकदम डावीकडे कलले, सगळ्या नायिका त्यांच्या मागोमाग, आणि एक देखणा खलाशी खिळ्यावरून सुटून थेट हेरिंग माशांच्या भांड्यात पडला. सिग्नेने तो काढला, पुसला आणि परत टांगला. काच शाबूत होती. खलाशाच्या भोवती कांद्याची एक चकती तेवढी राहिली आणि ती त्याला शोभत होती.

पण यापेक्षा भयंकर गोष्ट चालू झाली होती. भिंतीपुढे उभे असलेले लोक गुणगुणायला लागले होते. एक इथे, दोन तिथे, मधमाश्यांचं पोळं जागं व्हावं तसं. प्रेबनने पाटीकडे पाहिलं. पाटीच्या जागी नुसता खिळा होता.

सिग्नेने पेल्यावर चमचा वाजवला. "मंडळी, बसून घ्या! उत्सवमूर्ती, तुम्ही इथे!"

प्रेबनला पियानोशेजारच्या खुर्चीत बसवण्यात आलं आणि छापलेले कागद हातोहात फिरले. आमच्याकडची ही जुनी पद्धत. ज्याचा मान करायचा त्याच्यावर ओळखीच्या चालीत गाणं रचायचं, त्यात त्याची यथेच्छ टिंगल करायची, आणि सगळ्यांनी ते म्हणायचं. गाणं हेनिंगने रचलं होतं, चाल 'निळ्या सायकलीवरची मुलगी'ची होती. आणि प्रेबनच्या एकदम ध्यानात आलं की ज्याच्यावर गाणं असतं, त्याने स्वतः गायचं नसतं! त्याने नुसतं लाजत बसायचं असतं! या देशाच्या चालीरीतींबद्दल त्याला इतकी कृतज्ञता आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने पाय पसरले आणि राग्नहिल्डने सूर धरला.

"खिडकी हवी? 'नाही, नाही!' गच्ची हवी? 'नाही!'
प्रेबनच्या त्या शिक्क्याखाली शहर दबून राही.
शिक्का गेला, खुर्ची गेली, झाली कायम सुट्टी,
आता म्हणतो, 'धुणं थांबवा, नाहीतर आपली कट्टी!'"

शेवटच्या ओळीत अक्षरं जरा जास्त झाली होती, पण अशा गाण्यांत ती भराभर म्हणून टाकायची असतात. पुढचं कडवं पियानोवर होतं, त्यापुढचं हेरिंगवर, जे हेनिंगने दहा मिनिटांपूर्वी पेन्सिलीने सगळ्यांच्या कागदांवर वाढवलं होतं. प्रेबन पोट धरून हसत होता. मग तो शेवटच्या कडव्याकडे वळला. त्याच्यावर कंसात बारीक अक्षरांत सूचना होती: 'हे कडवं सर्वांनी प्रेबनसारखं म्हणावं.'

प्रेबनला अर्थ लागेपर्यंत पियानो सुरू झाला होता. चाळीसेक माणसांनी श्वास घेतला, तोंडं उघडली, आणि हॉलमध्ये एकही आवाज निघाला नाही. नुसते ओठ हलत होते. सिग्ने मान कलती करत होती. हेनिंग तर वरच्या सुराला भुवया इतक्या चढवत होता की त्याच्या कपाळावर जागा उरली नव्हती. आणि समोर गुद्रुन, गायकवृंदातली गुद्रुन, त्याच्या डोळ्यांत बघत मोठ्या खुबीने तोंडाची उघडझाप करत होती.

प्रेबनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सगळ्यांना ठाऊक होतं! आजचं नव्हे, कधीपासूनचं ठाऊक होतं! इतक्या अंत्यविधींना, इतक्या नाताळांना हे लोक शेजारी उभे राहून त्याचे हलणारे ओठ बघत आले होते आणि एकानेही कधी शब्द काढला नव्हता. त्याला उठून पळून जावंसं वाटलं, पण पळायच्या वाटेवर केकचं टेबल होतं. मग त्याने कागदाकडे पाहिलं. सगळे जे न म्हणता म्हणत होते, ते शब्द असे होते:

"भिंतीवरती लावलीस तू आमची जुनी गाणी,
पुसट झाल्या चेहऱ्यांवरती आलं पुन्हा पाणी.
आम्ही सारे गप्प राहतो, तू म्हण आता भाऊ,
चुकलास तरी हरकत नाही, आम्ही कुठं जाऊ?"

कडवं संपलं. राग्नहिल्ड थांबली नाही. तिने तीच चाल पहिल्यापासून पुन्हा धरली, संथ, वाट बघत. ओठ पुन्हा हलायला लागले. पियानो आणि शेजारचं पिळणारं यंत्र, बाकी हॉलमध्ये सगळीकडे जागाच जागा होती. कोणीतरी ती प्रेबनसाठी रिकामी करून दिली होती. इतक्या माणसांनी मिळून आपल्यासाठी गप्प बसावं, यासारखा मान त्याला कोणी कधी दिला नव्हता. त्याच्या मनात आलं, हे उपकार कुठे फेडू?

त्याने तोंड उघडलं, आणि त्यातून आवाज आला.

तो आवाज कसा होता हे सांगणं अवघड आहे. जुन्या दाराला कोणी फार वर्षांनी हात लावावा तसा तो सुरू झाला. सूर खिडकीपाशी होता तेव्हा प्रेबन दारापाशी होता, आणि तो खिडकीपाशी पोचला तोवर सूर निघून गेला होता. 'गाणी' वर तो घसरला, 'पाणी' वर बुडाला. पण थांबला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, शेवटच्या 'आम्ही कुठं जाऊ' पर्यंत. आणि चाळीसेक माणसं शेवटपर्यंत ओठ हलवत राहिली. एकही जण हसला नाही, एकानेही सूर सुधारून दिला नाही. हेनिंगने दिला नाही ही तर कमालच म्हणायची.

मग एकदम गलका झाला. सगळे उभे राहिले, तीन छोटे आणि एक लांबलचक हुर्रे झाला, भिंतीवरचे नायक पुन्हा डावीकडे कलले. सिग्ने नाक पुसत होती. प्रेबन उभा राहिला. भाषण करायचं त्याच्या मनात होतं. "मंडळी, तुमचे..." एवढंच तो म्हणाला आणि हातवारे करून खाली बसला. ते सगळ्यांना कळलं.

गर्दीतून वाट काढत गुद्रुन त्याच्यापाशी आली.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"पहिल्या नाताळापासून. झाडाभोवती तुझा हात धरून फिरत होते ना मी? कान होते मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू फार मनापासून ओठ हलवायचास," गुद्रुन म्हणाली. "मोडवेना. पण एकदा तरी ऐकायला मिळावा असं वाटायचं. इतकी वर्षं माझ्या नवऱ्याचा आवाज कसा आहे ते मलाच ठाऊक नव्हतं रे."

प्रेबन खाली बघत होता. "कसा आहे?"

गुद्रुनने त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली, गालावरचं पाणी आपल्या रुमालाने टिपलं आणि नीट विचार करून सांगितलं.

"वाईट आहे. फारच वाईट आहे, प्रेबन. पुन्हा म्हण."

आणि प्रेबनने पुन्हा म्हटलं.